कडी आतून आहे की बाहेरून?

‘वकीलबाई, नमस्कार. माझं वय अठ्ठावन्न. बेळगावच्या दक्षिणेला भातशेतीचं गाव आमचं. मालक जाऊन अकरा वर्षं झाली. थोरला उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, धाकटा तीन वर्षं सौदीत जुबैलला वेल्डर, सध्या सुट्टीवर आलाय. बारा दिवसांमागं थोरल्याला सुनेच्या मोबाईलवर दुसऱ्या एकाशी चाललेलं सगळं सापडलं. तिनं नाही म्हटलं नाही. लग्नाला नऊ वर्षं झालीत, नात आठ वर्षांची, नातू चार वर्षांचा. तिच्या माहेरचे म्हणतात, ती आम्हाला मेली. ती आतल्या खोलीत असते. थोरला बोलत नाही, जेवत नाही, कामाला जात नाही. धाकटा दिवसभर ओरडतो, “सौदीत असती तर एव्हाना मुंडकं उडवलं असतं, इराणात दगडानं ठेचतात, आणि आपल्याकडं कोर्टानंच मोकळीक दिलीय.” रविवारी देवळात भावकी बसणार आहे. परवा थोरल्यानं माळ्यावरचा ऊसतोडीचा कोयता काढून त्याला कानशीनं धार लावली. मी तो तांदळाच्या कणगीत लपवलाय. तिकडं खरंच असा कायदा आहे का? आणि आपल्याकडं हा गुन्हाच नसेल तर माझ्या लेकाला न्याय कोण देणार?’

ताई,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. त्यावर फोन नंबर असता तर मी लिहीत बसले नसते, फोनच केला असता. संपादकांच्या मागं लागून हे उत्तर याच शुक्रवारी छापायला लावलंय, रविवारच्या आत तुमच्या हाती पडावं म्हणून. ज्यांची पत्रं त्यामुळं मागं राहिली त्यांनी समजून घ्यावं.

आधी कोयत्याचं बघू. कणगी ही लपवायची जागा नव्हे. घरातलं कोणीही तांदूळ काढायला हात घालणार, आणि पहिला हात त्या आठ वर्षांच्या पोरीचा पडायचा. आजच तो पोत्यात गुंडाळून दुसऱ्या गावातल्या कुणा भरवशाच्या माणसाकडं पोचवा. ऊस तोडायला अजून अवकाश आहे. थोरल्यानं विचारलं तर खोटं सांगू नका. ‘मीच काढून ठेवलाय, मला भीती वाटते’ एवढंच म्हणा. आपल्या आईला आपली भीती वाटते, हे त्याच्या कानावर जाऊ दे.

तुमचं निम्मं पत्र (वर त्यातलं थोडंच छापलंय) धाकट्यावरच आहे. मला त्याची तेवढी काळजी वाटत नाही. जो ओरडतो त्याची वाफ निघून जाते. कानशीचा आवाज ज्याच्याकडून आला त्याच्याबद्दल तुम्ही जेमतेम दोन ओळी लिहिल्या आहेत. त्याच्याकडं मी येणारच आहे. पण तुम्ही सरळ प्रश्न विचारलाय, तर सरळ उत्तर देते. शिवाय धाकट्याचं बोलणं घरात खरं धरलं गेलं, तर थोरल्याच्या डोक्यात ते धार लावायचं काम करणार.

होय, असे कायदे आहेत. सौदीत आहे, इराणात आहे. अफगाणिस्तानात तालिबानच्या प्रमुखानं २०२४ मध्ये दगडांची शिक्षा देणार म्हणून जाहीर सांगितलं. ब्रुनेईनं एप्रिल २०१९ मध्ये तो कायदा लागू केला, जगभर बोंब झाली आणि महिन्याभरात सुलतानानं सांगितलं की देहदंड अमलात आणणार नाही. म्हणजे कायदा पुस्तकात राहिला, दगड रस्त्यावर राहिले.

आता सौदीचंच घ्या, कारण धाकटा तिथं राहतो. तिथल्या धर्मशास्त्राप्रमाणं व्यभिचाराला देहदंड द्यायचा तर प्रत्यक्ष ते कृत्य डोळ्यांनी पाहिलेले चार साक्षीदार लागतात. नाहीतर आरोपीनं स्वतः चारदा कबुली द्यायला हवी, आणि तीही त्याला मागं घेता येते. कुराणात शंभर फटक्यांची शिक्षा आहे. दगडांची शिक्षा हदीसवरून, म्हणजे प्रेषितांच्या वचनांवरून आली. आणि त्याच कुराणात आणखी एक शिक्षा आहे, ती धाकट्याला जरूर वाचून दाखवा: चार साक्षीदार नसताना एखाद्या बाईवर असा आळ घेणाऱ्याला ऐंशी फटके. नवऱ्यासाठी शपथेवर सांगायची वेगळी वाट आहे, दिरासाठी नाही. मोबाईलवरचे मेसेज दाखवून काझी एखाद्याला तुरुंगात घालू शकेल, पण ते दाखवून तिथं मुंडकं उडत नाही. ज्या कायद्याचं तुमचा धाकटा एवढं कौतुक करतो, त्या कायद्यानं आज आपल्या ओसरीवर पाठ उघडी करून उभं राहायची पाळी आली तर ती त्याचीच येईल.

मग तिथं एवढे लोक मारतात ते कशासाठी? अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या नोंदीप्रमाणं २०२४ साली जगात १,५१८ जणांना देहदंड दिला गेला. यात चीन धरलेला नाही, तो देश आकडाच सांगत नाही. त्यातले ९७२ इराणात, ३४५ सौदीत, ६३ इराकमध्ये. दहातले नऊ या तीन देशांत. आणि ते मुख्यतः खून, अमली पदार्थ, दहशतवाद अशा आरोपांखाली. सौदीत कित्येकदा घरच्यांनाही आधी कळवत नाहीत, बातमीतून कळतं. धाकट्याला एकदा शांतपणे विचारा, बाबा, तीन वर्षांत तू स्वतःच्या डोळ्यांनी किती बघितलंस? मला वाटतं त्यानं लेबर कॅम्पात रात्री मोबाईलवर बघितलंय, जसं आपल्याकडं चावडीवर भुताच्या गोष्टी सांगतात तसं कुणी तरी रंगवून सांगितलेलं.

एक प्रसंग मात्र खरा घडलेला आहे. १९७७ साली जेद्दामध्ये एका एकोणीस वर्षांच्या राजकन्येला गोळ्या घालून मारलं आणि तिच्या प्रियकराचा शिरच्छेद केला. ती राजाच्या थोरल्या भावाची नात. रीतसर खटला चालून झालेली ती शिक्षा नव्हती, आजोबांच्या हुकमानं झालं, असंच बहुतेक जाणकार सांगत आले आहेत. म्हणजे कायदा बाजूला राहिला आणि घरानं घरातल्या पोरीला मारलं. हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला, कारण तुमच्या ओसरीवर जे शिजतंय ते याच जातीचं आहे.

इराणचं ऐकायचं असेल तर मन घट्ट करा. तिथल्या जुन्या दंडसंहितेत दगडाचं मापसुद्धा लिहून ठेवलं होतं. एकदोन घावांत जीव जाईल एवढा मोठा नको, आणि ज्याला दगड म्हणता येणार नाही एवढा बारीकही नको. पुरुषाला कमरेपर्यंत पुरायचं, बाईला छातीपर्यंत. गुन्हा स्वतःच्या कबुलीनं सिद्ध झाला असेल आणि माणूस त्या खड्ड्यातून निसटला तर त्याला परत आणायचं नाही, अशीही तरतूद. आता कमरेपर्यंत पुरलेला गडी धडपडून निसटेल एखाद वेळेस. छातीपर्यंत पुरलेली बाई कशी निसटणार? मी आयुष्यभर कायद्याची कलमं वाचली, पण इतक्या थंडपणानं लिहिलेलं दुसरं काही वाचल्याचं आठवत नाही.

२००२ साली तिथल्या न्यायसंस्थेच्या प्रमुखांनी हे थांबवायला सांगितलं. तरी जुलै २००७ मध्ये जाफर कियानी नावाच्या माणसाला दगडांनी मारलंच. ज्या बाईबरोबर तो राहत होता, जिच्यापासून त्याला दोन मुलं होती, तिची पुढच्या वर्षी सुटका झाली. सकीना मोहम्मदी अश्तियानी या बाईला २००६ मध्ये हीच शिक्षा सुनावली. २०१० मध्ये जगभरातून आवाज उठला, शिक्षा थांबली, २०१४ मध्ये ती सुटली. नायजेरियात अमिना लावल हिचं तर आणखी विचित्र. घटस्फोटानंतर मूल झालं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा. ज्याच्यावर बोट दाखवलं त्या पुरुषानं ‘मी नव्हे’ म्हटलं आणि तो घरी गेला. २००२ मध्ये तिला दगडांची शिक्षा, सप्टेंबर २००३ मध्ये वरच्या शरिया न्यायालयानं तिला सोडलं. आणि २००८ मध्ये सोमालियातल्या किस्मायो शहरात अल-शबाब या अतिरेकी संघटनेच्या लोकांनी जिला व्यभिचारी ठरवून दगडांनी मारलं, ती तेरा वर्षांची मुलगी होती, आणि तिच्यावर बलात्कार झाला होता. ज्या बायकांकडं ना पैसा, ना वकील, ना माहेर, त्यांच्यावर हे कायदे येऊन आदळतात. ‘माहेरचे म्हणतात ती आम्हाला मेली’ हे वाक्य तुमच्या पत्रात वाचलं तेव्हा मला हीच आठवण झाली.

हे सगळं ‘त्यांच्यातलंच’ असं मात्र कुणी भावकीत म्हणू नये. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अशा बाईला चारचौघांत कुत्र्यांकडून फाडवावं आणि पुरुषाला तापलेल्या लोखंडी पलंगावर जाळावं, असं लिहून ठेवलंय. बायबलच्या जुन्या करारात दोघांनाही देहदंड. इंग्लंडच्या पार्लमेंटनं १६५० मध्ये तसा कायदा केला, दहा वर्षांत तो गेला. अमेरिकेत बोस्टनला १६४४ साली एका अठरा वर्षांच्या पोरीला, जिचं लग्न म्हाताऱ्याशी लावलं होतं, तिच्या प्रियकरासकट फासावर दिलं. सगळ्यांच्या पोथ्यांत हे आहे. कुणी ती पोथी लवकर मिटली, कुणी अजून उघडी ठेवलीय. शंभराहून जास्त देशांनी तर खुनालासुद्धा फाशी नको म्हणून ती कायमची काढून टाकली.

आता ‘आपल्याकडं कोर्टानं मोकळीक दिली’ हे. भारतीय दंड संहितेचं ४९७ कलम सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं, हे खरं. पण ते कलम होतं काय, हे धाकट्याला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या कित्येक वकील मित्रांनाही धड ठाऊक नव्हतं. त्या कलमाखाली बायकोला शिक्षा नव्हतीच. कधीच नव्हती. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि तक्रार कुणी करायची तर नवऱ्यानं. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! म्हणजे बाई ही शेताच्या बांधासारखी. मालकाला विचारून ओलांडला तर चालतो, न विचारता ओलांडला तर फौजदारी. आणि नवऱ्यानं बाहेर कुणा विधवेशी काही केलं, तर बायकोनं कुठं जायचं, याला त्या कलमात जागाच नव्हती. गंमत बघा, हे कलम १९८५ मध्ये ज्यांनी योग्य ठरवलं ते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आणि २०१८ मध्ये ते रद्द करणाऱ्या पाचांत त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड. बापाचा निकाल मुलानं फिरवला.

तुमची सून २०१८ च्या आधी सापडली असती तरी तिला एक दिवसाचा तुरुंग झाला नसता. आज त्या माणसालाही होत नाही, एवढाच फरक. (तो माणूस फौजेत असेल तर गोष्ट वेगळी. सैन्याच्या कायद्याखाली अशा वागण्यावर कारवाई होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. मराठा रेजिमेंटच्या गावात राहतो आपण, म्हणून लिहिलं.) गुन्हा गेला तरी घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात आजही आहे.

आता थोरला.

या घरावर फाशीची सावली पडणारच असेल तर ती सुनेवर नाही, तुमच्या लेकावर पडेल. खुनाला आपल्या कायद्यात जन्मठेप किंवा फाशी. फाशी अगदीच विरळा, १९८० पासून न्यायालयं ती ‘विरळात विरळा’ प्रकरणातच देतात. पण जन्मठेप मात्र विरळा नाही. भावकीतलं कुणी तरी त्याला सांगेलच, ‘रागाच्या भरात केलं म्हटलं की सुटतो.’ नानावटींचं नाव जुनी माणसं घेतील. त्यांना पुढचं सांगा. १९५९ मध्ये मुंबईत नौदलाच्या कमांडर नानावटींनी बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीनं सोडलं, पण हायकोर्टानं जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. का? बायकोनं सांगितल्यापासून गोळी सुटेपर्यंत तीन तास गेले होते. मधल्या वेळात त्यांनी बायकामुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्वर घेतलं. एवढ्या वेळात राग निवायला हवा होता, असं न्यायालय म्हणालं. पुढं त्यांना राज्यपालांची माफी मिळाली, पण त्यांच्यामागं मोठमोठी माणसं उभी होती. फाउंड्रीतल्या गड्यामागं कोण उभं राहणार?

नानावटींना तीन तास महागात पडले. तुमच्या मुलाला बारा दिवस झालेत. त्यानं कोयत्याला धार लावली, तो आवाज घरात सगळ्यांनी ऐकला. अचानक राग अनावर झाला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

हिंडलग्याचा तुरुंग तुमच्या माझ्या ओळखीचा. फेब्रुवारी २०१३ मध्ये वीरप्पनच्या चार साथीदारांना तिथं फाशी होणार म्हणून टीव्हीवाल्यांच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. आमच्या कोर्टात दुसरा विषय नव्हता, कुणी म्हणे आज पहाटे, कुणी म्हणे उद्या. त्याच महिन्यात दिल्लीला अफझल गुरूला फाशी दिली आणि त्याच्या घरच्यांना पाठवलेलं पत्र नंतर पोचलं, म्हणजे न कळवण्यात सौदीच पुढं आहे असंही नाही. या चौघांची फाशी सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१४ मध्ये, दयेच्या अर्जाला फार वर्षं लावली म्हणून, जन्मठेपेत बदलली. हिंडलग्यातली शेवटची फाशी १९८३ ची. फासाचा खांब आहे, वापर नाही.

पण त्याच भिंतीआड माझं एक पक्षकार होतं. नाव, गाव सांगत नाही. बायकोचं बाहेर आहे असा संशय, भावाभावांनी कान भरले, एका रात्रीत सगळं झालं. मी त्याची वकील, आणि मी ती केस हरले. अपिलाच्या कागदांवर सही घ्यायला जायची तेव्हा तो केसचं काही विचारायचा नाही. उजवा तळवा आडवा धरून भिंतीला लावायचा आणि विचारायचा, ‘बाई, एवढी झाली असेल का ओ?’ मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा आत गेला होता. मामाकडं वाढत होती ती, भेटीला कधी आली नाही. दर वेळी तळवा थोडा वर सरकायचा. शेवटी तो स्वतःच्या खांद्याएवढा झाला होता. ज्यांनी कान भरले होते ते भाऊ पहिली दोन वर्षं डबा घेऊन आले, पुढं वाट वाकडी करेनात.

म्हणून मला रविवारच्या भावकीची धास्ती वाटते. देवळात बसून कुणी ‘मार’ असं म्हणत नाही. ‘तू पुरुष आहेस का’ एवढंच म्हणतात. त्यांना निरोप धाडा की चिथावणी देणाऱ्यालाही खुनाचीच शिक्षा आहे, आणि सुनेनं या छळापायी जिवाचं बरंवाईट करून घेतलं तर आत्महत्येला भाग पाडल्याचं कलम ओसरीवर बसलेल्या प्रत्येकावर लागू शकतं, दहा वर्षांपर्यंत. आपल्याच तालुक्यातलं वंटमुरीचं प्रकरण कुणी विसरलं नसेल. डिसेंबर २०२३. मुलगा मुलगी पळून गेली, आणि लोकांनी मारलं कुणाला, तर मुलाच्या आईला. विवस्त्र करून खांबाला बांधलं. पळालेल्याला हात लागत नाही, तेव्हा घरातली जी बाई हाताला लागते तिला धरतात, ताई. कर्नाटक हायकोर्टानं आपण होऊन दखल घेतली. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे आपल्या निपाणीचे. नुसती बघत उभी राहिलेल्या गावावरही दंड बसवायला हवा, असा विचार त्यांच्या खंडपीठानं बोलून दाखवला.

भावकी बसूच द्यायची नाही. तुम्ही कुटुंबातल्या वडीलधाऱ्या आहात, ‘आमच्या घरचं आम्ही कोर्टात बघू’ असं तुम्ही म्हटलंत तर विषय संपतो. तोंड कडू करून जातील, जाऊ देत. आणि ज्या दिवशी घरात हातघाईची वेळ आली असं वाटेल, त्या दिवशी शेजारी काय म्हणतील याचा विचार न करता ११२ फिरवा.

सोमवारी थोरल्याला घेऊन बेळगावच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात या. तिथं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, वकील फुकट मिळतो. बाईला उत्पन्न कितीही असो, मिळतो. कारखान्यातल्या कामगारालाही कायद्यानं तो हक्क आहे, म्हणजे तुमच्या मुलाला आणि सुनेला दोघांनाही, वेगवेगळा. येताना आधारकार्ड, लग्नाची पत्रिका किंवा नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणा. कागद कानडीत असतील. वाचून मराठीत समजावून सांगितल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, ना पोलिसात, ना कोर्टात. मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. घटस्फोटच घ्यायचा ठरला तर दोघांच्या संमतीनं घ्यावा, असं माझं मत. व्यभिचार सिद्ध करत बसलात तर त्या मोबाईलमधलं सगळं भर कोर्टात वाचलं जाईल आणि उद्या तुमच्या नातीला शाळेत कुणी तरी ते ऐकवेल. संमतीच्या अर्जाला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, त्याची सुरुवात करता येईल. पोटगी, मुलांचा ताबा, हे वकिलासमोर बसून. नातू चार वर्षांचा आहे, पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडं देतात, हेही मनाशी धरून ठेवा. आणि न्यायाचं विचाराल तर कोर्ट त्याला मोकळं करू शकतं, मुलांना भेटायचे दिवस ठरवून देऊ शकतं. त्याच्या छातीवर जे बसलंय ते उतरवायला न्यायाधीशाकडं कलम नाही.

त्यासाठी दुसरी वाट आहे. बारा दिवस न बोलणारा, न जेवणारा माणूस दुसऱ्याचाच जीव घेईल असं नाही, स्वतःचाही घेतो. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारचा टेलिमानस नंबर, फुकट आहे, मराठीतही बोलतात. तो फोन लावणार नाही, तुम्ही लावा आणि त्याच्या कानाला द्या. फाउंड्रीतला त्याचा कुणी जुना दोस्त असेल, शिफ्टवरचा, त्याला घरी बोलवा. आई समोर गडी माणूस रडत नाही. दोस्त आला की कदाचित रडेल. आणि हे काम धाकट्याला सांगा. घरासाठी तीन वर्षं परमुलखात राबून त्यानं पैसे धाडले, आणि सुट्टीवर आला तर घर हे असं. त्याच्याही ओरडण्याखाली काही तरी आहे. भावाला मोटरसायकलवर मागं बसवून शेताकडं घेऊन जा म्हणावं, कुणी काही बोललं नाही तरी चालेल.

सुनेनं केलं ते बरं केलं असं मी म्हणत नाही. नऊ वर्षांच्या संसारात तिनं तुमच्या मुलाला फसवलं, त्याचं दुःख खरं आहे. पण तुमच्या चार पानी पत्रात म्हशीचं नावसुद्धा आलंय (रेडी झाली म्हणून), तिचं एकदाही आलेलं नाही. ती जेवते का, हेही नाही. ‘ती आतल्या खोलीत असते’ एवढंच. या एका वाक्याशी मी तीन दिवस अडकलेय. असते, की ठेवलीय? बाहेरून कडी घालत असाल तर तो डांबून ठेवल्याचा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा ताई, तुमच्या नावावर लागेल. उघडा ती आत्ताच. तिला कुठं जायचं असेल तर १८१ वर महिला हेल्पलाइनला फोन लावून द्या, राहायची सोय ते सांगतील. जायचं नसेल तर वकील भेटेपर्यंत रात्री नातीसह तुमच्याजवळ झोपू दे. आणि त्या दाराला आतून कडी आहे का बघा. नसली तर सुताराला आजच बोलवा, रविवारची वाट बघू नका.